गिरणगावातील खाणावळवालीची पत

मुंबईच्या औद्योगिक इतिहासात गिरणीमालक, जॉबर व कामगार-पुढारी यांची चर्चा विपुल झाली आहे. कामगाराला दोन वेळ जेवू घालणारी खाणावळवाली मात्र बहुधा तळटीपेतच राहिली. वास्तविक तीही एक धंदा चालवीत होती. त्या धंद्याचे भांडवल कोणते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

कोकणातून वा घाटावरून आलेला कामगार पुष्कळदा कुटुंब गावीच ठेवून येई. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सहाशेहूनही कमी होत्या. परळ-लालबागच्या चाळीत, गावकीच्या गाळ्यात तो पथारी टाकी आणि शेजारच्या एखाद्या बाईकडे जेवणाचा ‘मेंबर’ होई. ही बाई अनेकदा त्याच्याच मुलखातील असे. पगार महिन्याचा, तोही महिना उलटून काही दिवसांनी हाती येई. म्हणजे पहिल्या घासापासूनच तिची उधारी सुरू होई. लेखी करार नसे. बुडव्याची वार्ता गावी पोहोचेल, हीच काय ती हमी.

परंतु जी ओळख गिऱ्हाईक आणून देई, तीच संपकाळात तिचे हात बांधी. गाववाल्याचे ताट बंद करणे तिला शक्य नसे. वाण्याची उधारी थकली की दागिने सावकाराकडे जात. १९७४ च्या ४२ दिवसांच्या संपात कामगार तगला तो काही अंशी या बायकांच्या उधारीवर. कामगार-चळवळीच्या इतिहासात या कर्जाची नोंद क्वचितच आढळते.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांनी लहान धंद्यांना कर्ज द्यावे असे धोरण ठरले होते. तथापि या स्त्रियांपाशी तारण नव्हते. मंडळाने शेजारणींचे गट करून एकीला दुसरीची जामीन केले. चाळीतील ओळख प्रथमच बँकेच्या दफ्तरी पत म्हणून चढली, हे या प्रयोगाचे खरे महत्त्व होय.

त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. एखादीचा धंदा बसला तर शेजारणी तिला सावरू शकत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मात्र सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार एकाच वेळी थांबला. जामीन राहिलेल्या शेजारणीचे मेंबरही त्याच गिरण्यांतले होते.