वरचढ संघ कोणता?

कबड्डीच्या मैदानावर एक तंटा नेहमीचा. समजा, भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या संघाने दहा सामने जिंकले, पण दुबळ्यांशी; शेजारच्या गावाने सहाच जिंकले, पण मातबरांशी. मग वरचढ कोण? नुसत्या बेरजेने हे ठरायचे नाही.

यावर तोड निघाली ती बुद्धिबळात. आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली व जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. हिशेब असा: दोघांच्या गुणांकांतील फरकावरून निकालाची अपेक्षा आधीच मांडायची. फरक २०० चा असेल, तर वरचढाने १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत. जास्त मिळाले की गुणांक चढतो, कमी पडले की उतरतो. म्हणजे दुबळ्याला हरवून पदरात थोडेच पडते!

ऑलिंपियाडमध्ये संघांचा आरंभीचा क्रमही खेळाडूंच्या सरासरी गुणांकावरून लावतात. पण अपेक्षा ती अपेक्षाच. २०२२ साली चेन्नईत चौदावा मांडलेला उझबेकिस्तान खुल्या गटात पहिला आला. २०२४ साली बुडापेस्टला अमेरिकेच्या मागे दुसरा मांडलेला भारत सुवर्णपदक घेऊन आला. नाशिकचे विदित गुजराथी त्या संघात होते. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनेही पुरुष संघांसाठी २०१८ साली हीच रीत उचलली.

गुरुजींनी मनावर घेतले तर गावच्या संघांचाही हिशेब एका वहीत बसेल. अडचण एकच: ढालीवर आपण जिंकणाऱ्याचे नाव कोरतो, हरला कोण हे कुणी लिहून ठेवीत नाही.