राक्षसभुवनची लढाई आणि पडद्यावरचें मराठी राज्य

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन नांवाचें गांव आहे. शनीचें क्षेत्र म्हणून त्याची ख्याति. पण इतिहासाच्या वाचकांस तें दुसऱ्याच कारणानें ठाऊक आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजीं माधवराव पेशव्यांनीं निजामअल्लीच्या सैन्याचा मोड केला, तो येथें. पेशव्यांचें वय त्या वेळीं अवघें अठरा वर्षांचें होतें.

हल्लीं बखरींचें तोंडही न पाहिलेले तरुण अठराव्या शतकावर हिरिरीनें बोलतांना आढळतात. त्यांच्या माहितीचा उगम शोधूं गेल्यास तो बहुधा संगणकावरील खेळांत सांपडतो. २००९ सालीं निघालेला ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा इंग्रजी खेळ यांतलाच. यांत खेळणारा एखाद्या राज्याचा कारभारी बनतो, आणि निवडण्याजोग्या राज्यांत मराठ्यांचें राज्यही आहे. आंतरजालावरून दूरदेशींच्या खेळाडूशीं लढाईही देतां येते. या खेळाचें मोल ठरविण्यास राक्षसभुवनाहून चांगली कसोटी आम्हांस सुचत नाहीं.

गुण आधीं सांगितले पाहिजेत, कारण आमची विद्वान मंडळी ते सांगण्यास नाखूष असतात. शाळेंतील पुस्तक निकालापासून आरंभ करतें. खेळणाऱ्यास निकाल ठाऊक नसतो. फौज उभी केली कीं तिचा खर्च चालवावा लागतो, कर वाढविला कीं रयत बिथरते, आणि खजिना रिता झाला कीं मोठमोठे मनसुबे जागच्या जागीं राहतात. शिवाय सातारा, दिल्ली, लंडन व अमेरिकेंतील वसाहती हीं सर्व एकाच शतकाचीं अंगें आहेत, ही गोष्ट त्या नकाशावर जितकी चटकन् ध्यानांत येते तितकी आमच्या बखरींतून कधींच येत नाहीं. हा लाभ लहान नव्हे.

आतां राक्षसभुवन पाहूं. त्या वर्षीं निजामानें पुणें लुटलें व जाळलें. त्याच्या बाजूस नागपूरकर जानोजी भोसले होते, गोपाळराव पटवर्धन होते. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर हाही मराठी ब्राह्मणच. इकडे पेशव्यांच्या छावणींत जे चुलते रघुनाथराव, त्यांच्यापुढेंच नोव्हेंबर १७६२ मध्यें आळेगांवीं माधवरावांस शरण जावें लागलें होतें! अशा स्थितींत बत्तीस लक्षांच्या मुलखाच्या आशेनें जानोजी निजामापासून फुटले. गोदावरीस पूर होता. निजाम कांहीं फौजेनिशीं पैलतीरीं उतरला आणि विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह अलीकडे अडकला. मराठ्यांनीं नेमका तेव्हांच घाला घातला. विठ्ठल सुंदर ठार झाला आणि निजामास पैलतीरावरून कांहींच करतां आलें नाहीं.

यांतलें खेळांत काय उतरतें? रणांगणावरील तोफा, घोडदळ व पायदळ यांची हालचाल बरीच उतरते. पण तेथें फेरीमागें सहा महिने लोटतात. नदी उतरण्यास लागणारे चार दिवस त्यांत कोठें बसवावे? त्याहून मोठा दोष असा कीं, खेळांतील सरदार धन्याचा असतो तो असतोच. जहागिरीच्या वचनानें त्यानें पक्ष बदलावा, हा प्रकार तेथें नाहीं. राज्याचा एक रंग, त्याचें एक सैन्य, त्याची एक इच्छा ही कल्पना युरोपांतील राज्यांस कदाचित् शोभेल. १७६३ च्या दक्षिणेस ती लागू करणें म्हणजे जानोजी, गोपाळराव, रघुनाथराव व विठ्ठल सुंदर या चौघांनाही पुसून टाकणें होय. मग माधवरावांचें कर्तृत्व तरी काय उरलें? तें तलवारीइतकेंच घरच्या माणसांस सांभाळून घेण्यांत होतें.

लुटीचेंही तसेंच. निजामानें पुणें जाळलें, तर मराठ्यांनीं त्याच्या मुलखांत खंडणी व जाळपोळ केली. पडद्यावर खजिन्याचा आंकडा वाढतो. ज्यांच्या कणगींतून तो वाढला तीं कुटुंबें दिसत नाहींत.

लढाईनंतर निजामानें ८२ लक्षांचा मुलूख सोडून दिला. खेळांत जिंकलेला प्रांत जिंकणाऱ्याच्या रंगाचा होतो. राक्षसभुवन मात्र १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें तेव्हांही निजामाच्याच राज्यांत होतें.