ठिणगीची वेळ : मोटारगाडीतील दोषनिदानाचा इतिहास

पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनाचे सामर्थ्य पुष्कळ अंशी एका क्षणावर अवलंबून असते. सिलिंडरात दाबले गेलेले हवा व इंधन यांचे मिश्रण एकाएकी सर्वत्र पेट घेत नाही. ज्वाला पसरावयास अल्पसा अवधी लागतो. म्हणून दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वी काही अंश आधीच ठिणगी पडावी लागते. मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या एंजिनाचा क्रँकशाफ्ट सेकंदाच्या एक सहस्रांशात १८ अंश फिरतो, यावरून या क्षणाचे मोल ध्यानात येईल. ठिणगी फार लवकर पडली तर एंजिन ठोके देऊ लागते. उशिरा पडली तर शक्ती घटते आणि इंधन वाया जाते. हा क्षण कोणी ठरवावयाचा आणि तो चुकला हे कशावरून ओळखावयाचे, या दोन प्रश्नांची उत्तरे मोटारगाडीच्या इतिहासात वेळोवेळी बदलत गेली. त्या बदलांत निदान अधिकाधिक सूक्ष्म झाले हे खरे. परंतु चिन्ह आणि कारण यांतील अंतर मात्र कधीच नाहीसे झाले नाही.

आरंभीच्या काळात डाइम्लरच्या एंजिनात मिश्रण तापलेल्या नळीने पेटविले जाई. तेथे क्षण निश्चित करण्याचा उपायच नव्हता. १८८६ साली पेटंट मिळालेल्या बेंझच्या गाडीत विजेची ठिणगी होती. आणि १९०२ साली श्टुटगार्ट येथील बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केल्यावर विजेच्या प्रज्वलनाचा पाया भक्कम झाला.

तथापि वेळ ठरविण्याचे काम दीर्घकाळ चालकाच्याच हाती राहिले. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत सुकाणूच्या डाव्या बाजूस ठिणगीचा दांडा असे. हँडल मारण्यापूर्वी तो वर सारून ठिणगी उशिराची करावी लागे. याचा विसर पडला तर एंजिन उलट झटका देई व हँडल मारणाऱ्याचे मनगट किंवा हात मोडे. गाडी धावू लागली की दांडा हळूहळू खाली ओढावयाचा, आणि ठोके ऐकू आले की किंचित मागे न्यावयाचा. अशा रीतीने चालकाचा कान हेच निदानाचे साधन होते आणि चुकीचे प्रायश्चित्त त्याच्याच देहाला भोगावे लागे.

१९१० च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग याची बॅटरीवर चालणारी प्रज्वलनपद्धती आली. पुढे डिस्ट्रिब्यूटरमध्ये वेगानुसार फाकणारी वजने व भारानुसार हलणारा निर्वात-पडदा बसविण्यात आला आणि चालकाचा दांडा अस्तंगत झाला. निदानाचे काम आता कारखान्यातील मिस्त्रीकडे गेले. पॉइंटांना उघडणारा ठोकळा झिजला की त्यांतील फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते, हे तो जाणत असे. पहिल्या सिलिंडराच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा फिरत्या कप्पीवर धरला की तिच्यावरील खूण स्थिर दिसे. मग डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून ती अंकाशी जुळवावयाची. मुंबईत कुर्ला येथे तयार झालेल्या फियाट ११०० गाडीची व्यवस्था याच घडणीची होती. ‘पॉइंट साफ करणे’, ‘टायमिंग लावणे’, ‘गाडी मिसिंग करते’ हे प्रयोग मराठी मिस्त्रीच्या तोंडी रुळले ते याच विद्येचे अवशेष होत.

१९७९ साली बॉशची मोट्रॉनिक पद्धती बी.एम.डब्ल्यू. ७३२ आय या गाडीत आली. इंधन व ठिणगी या दोहोंचे नियंत्रण तिच्यात एकाच संगणकाकडे गेले. संगणकाला कान नसतात. त्याला क्रँकशाफ्टची स्थिती कळावी म्हणून सेन्सर लागतो. पुढे रूढ झालेल्या एका रचनेत चाकावर साठ दातांची जागा असते व त्यांपैकी दोन मुद्दाम गाळलेले असतात. प्रत्येक दात सहा अंश सांगतो आणि रिकामी जागा मोजणीचा आरंभ सांगते. परंतु चार धावांच्या एंजिनात दट्ट्या वर आला तो दाबाच्या धावेत की उत्सर्जनाच्या, हे एवढ्यावरून कळत नाही. ते कळावे म्हणून क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरणाऱ्या कॅमशाफ्टवर दुसरा सेन्सर बसवितात.

अमेरिकेत १९९६ च्या गाड्यांपासून दोषांचे समान संकेतांक सक्तीचे झाले. पी ०३३५ म्हणजे क्रँक-सेन्सरच्या मंडलातील दोष; पी ००१६ म्हणजे क्रँक व कॅम यांचा मेळ न बसणे. येथेच नव्या निदानातील मुख्य प्रमाद संभवतो. संकेतांक वाचताच सेन्सर बदलण्याकडे प्रवृत्ती होते; वस्तुतः तो अंक मंडलाचे नाव सांगतो, कारणाचे नव्हे. तार खरचटलेली असेल, जोडणी गंजली असेल, दात मोडला असेल. वेटोळ्याचा सेन्सर तापल्यावर आतून तुटतो व निवल्यावर पुन्हा जुळतो. भर रस्त्यात बंद पडलेली गाडी अर्ध्या तासाने निमूटपणे सुरू होते आणि मिस्त्रीपुढे दोष दिसतच नाही. पी ००१६ च्या मुळाशी ताणलेली टायमिंग-साखळी असू शकते. अशा वेळी केवळ सेन्सर बदलून गाडी चालवीत राहिले तर साखळी दात सोडते आणि काही एंजिनांत दट्टे झडपांवर आदळून एंजिनाचा नाश होतो.

म्हणून जाणता मिस्त्री स्टार्टर फिरवीत असता फेऱ्यांचा आकडा शून्यच राहतो काय ते पाहतो, तारा व जोडण्या तपासतो, आणि ऑसिलोस्कोपवर दोन्ही सेन्सरांच्या लहरी एकाखाली एक मांडून त्यांचा मेळ पडताळतो. लुकलुकत्या दिव्याखाली खूण व अंक जुळविणाऱ्या मिस्त्रीचेही कार्य तत्त्वतः हेच होते. साधने पालटली, दोन स्वतंत्र साक्षी एकमेकींशी ताडून पाहिल्यावाचून निर्णय करू नये हा नियम पालटला नाही.