पेट स्कॅनमध्ये स्तनात अचानक गाठ दिसली तर?

समजा, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी तुमचा पेट-सीटी स्कॅन झाला. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ आहे: 'उजव्या स्तनात लहान गाठ, मॅमोग्राफी करावी.' कॅन्सर स्तनातही पसरला का, हीच शंका आधी मनात येते. घाबरू नका, पण ही ओळ नजरेआडही करू नका.

हे नक्की काय असू शकते?

पेट स्कॅनच्या आधी साखरेसारखे एक औषध शिरेतून देतात. ज्या पेशी साखर जास्त वापरतात, त्या स्कॅनमध्ये चमकतात. कॅन्सरच्या पेशी चमकतात, तशीच सूज, जंतुसंसर्ग, फायब्रोअ‍ॅडिनोमाची साधी गाठ किंवा नुकतीच बायोप्सी झालेली जागाही चमकू शकते. अंगावर दूध पाजणाऱ्या आईचे दोन्ही स्तन चमकतात. अलीकडे लस घेतली असेल, तर त्या बाजूच्या काखेतल्या गाठी चमकू शकतात. म्हणून लस कोणत्या हाताला घेतली, तेही सांगा.

उलट, कमी चमकणारी गाठ साधीच असते असे नाही. स्तनाचे काही कॅन्सर, विशेषतः लोब्युलर प्रकारचे, फारसे चमकत नाहीत. त्यामुळे रिपोर्टमधल्या आकड्यावरून स्वतः निष्कर्ष काढू नका.

तपासणीनंतर साधारण तीन शक्यता उरतात: साधी गाठ, स्तनाचा नवा कॅन्सर, किंवा आधीचा कॅन्सर स्तनात पसरणे. तिसरा प्रकार दुर्मीळ आहे. लिम्फोमा, मेलॅनोमा, फुफ्फुस आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तो कधीकधी आढळतो.

पुढे कोणत्या तपासण्या होतात?

सीटी किंवा पेट स्कॅन स्तनाच्या निदानासाठी बनवलेला नसतो. मॅमोग्राफीत दिसणारे कॅल्शियमचे बारीक कण सीटीत सहसा दिसत नाहीत. म्हणून आधी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करतात. त्यांत गाठ सापडली नाही, तर कधी एमआरआय लागतो. जुने स्कॅन असतील तर सोबत न्या. गाठ आधीपासून तेवढीच आहे का, हे त्यावरून कळते.

या रिपोर्टमध्ये 'बायरॅड्स' हा क्रमांक असतो:

- 0: आणखी तपासणी हवी
- 1 किंवा 2: काळजीचे काही नाही
- 3: बहुधा साधी गाठ, कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांपेक्षा जास्त नाही
- 4 किंवा 5: बायोप्सी करावी
- 6: बायोप्सीने आधीच सिद्ध झालेला कॅन्सर

क्रमांक 3 असल्यास एरवी सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. तुमचे कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर थांबायचे की लगेच बायोप्सी करायची, हे डॉक्टर उपचारांचा विचार करून ठरवतात.

बायोप्सी का महत्त्वाची?

सुईने तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती अनेकांना असते. या भीतीपोटी तपासणी टाळू नका. जागा बधिर करून जाड सुईने तुकडा घेतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा केमोमुळे प्लेटलेट कमी झाल्या असतील, तर आधी सांगा.

पहिल्या कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट आणि शक्य असल्यास ब्लॉक पॅथॉलॉजिस्टना द्या. गाठ नव्या कॅन्सरची आहे की जुन्याची, हे विशेष चाचण्यांनी ओळखता येते. दोन्हींचे उपचार वेगळे असतात, म्हणून हे उत्तर आधी मिळालेले बरे.

पुरुषांनाही?

हो. प्रोस्टेट कॅन्सरच्या हार्मोन उपचारांमुळे पुरुषांचे स्तन वाढू शकतात आणि ते स्कॅनमध्ये दिसते. तरीही एका बाजूला कडक गाठ असेल, तर ती तपासून घ्या.

डॉक्टरांना हे विचारा

- ही तपासणी लगेच करायची की चालू उपचारांनंतर चालेल?
- निकालामुळे माझे उपचार बदलतील का?
- रिपोर्ट कोण पाहणार आणि मला कधी कळवणार?

मूळ आजार खूप पुढे गेलेला असेल, तर स्तनाची तपासणी पुढे ढकलणेही योग्य ठरू शकते. मात्र तो निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या. ओळ वाचायची राहून गेली म्हणून तपासणी राहू नये.