हिंदी पंच

मुंबईहून निघणारे एक जुने व्यंगचित्रसाप्ताहिक. लंडनच्या पंच (स्थापना १८४१) या साप्ताहिकाच्या धर्तीवर दादाभाई अर्देशर शोहरत यांनी १८५४ मध्ये पारसी पंच हे पत्र काढले. १८७८ मध्ये ते बरजोरजी नवरोजी यांच्याकडे आले आणि १८८८ मध्ये त्याचे नाव हिंदी पंच असे झाले. यातील ‘हिंदी’ हा शब्द भाषावाचक नसून ‘हिंदुस्थानचा’ या अर्थी आहे. पत्राचा मजकूर इंग्रजी व गुजराती असे. हे पत्र १९३१ पर्यंत चालले.

रिचर्ड डॉइल, जॉन लीच, जॉन टेनिएल आदी चित्रकारांनी लंडनच्या पंचला नावारूपास आणले. त्याची हिंदुस्थानकडे पाहण्याची दृष्टी मात्र राज्यकर्त्यांची होती. १८५७ च्या उठावासंबंधी टेनिएलने काढलेल्या प्रसिद्ध चित्रात इंग्लंड सूड घेणाऱ्या सिंहाच्या, तर हिंदुस्थान वाघाच्या रूपात दिसतो. मुंबईच्या पत्राने चित्रप्रकार तोच घेतला, पण पाहणारा बदलला. येथील ‘पंचोबा’ एतद्देशीय वेषात वावरतो. इंग्रजी ‘पंच’ हा थट्टेखोर बाहुला, तर देशी ‘पंच’ हा निवाडा करणारा. या शब्दसाम्यामुळे विनोदाला न्यायदानाचाही अर्थ प्राप्त झाला.

राष्ट्रसभेची अधिवेशने हा या पत्राचा आवडता विषय होता. राष्ट्रसभा तेथे बहुधा साडी नेसलेल्या स्त्रीच्या रूपात येते. राष्ट्रसभेवरील १८८६ ते १९०१ या काळातील चित्रांचा स्वतंत्र संग्रहही प्रसिद्ध झाला. बंगालची फाळणी (१९०५) व लॉर्ड कर्झनचा कारभार यांवरही या पत्राने टीका केली. स्टेड यांच्या लंडनमधील रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज या मासिकात यातील चित्रे पुनर्मुद्रित होत. त्यामुळे येथील मत इंग्लंडमधील वाचकांपर्यंत पोहोचे.

टीकेची धार मात्र बेताची होती. वृत्तपत्रीय लेखनाबद्दल टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. अशा काळात रूपकाच्या आडून बोलणारे चित्र संपादकाला सोयीचे होते. शिवाय पत्राचा कल मवाळ राजकारणाकडे होता. राज्यकर्त्यांशी निष्ठा व त्यांचा उपहास ही दोन्ही त्यात एकत्र नांदतात. म्हणूनच ही चित्रे साधन म्हणून वापरताना इतिहासकाराने तारतम्य बाळगणे आवश्यक ठरते. मुंबईच्या सुशिक्षित वर्गाचे मन त्यांत उमटते; शेतकरी व गिरणी कामगार यांचे स्वतःचे म्हणणे त्यांत सहसा सापडत नाही.

मराठीत व्यंगचित्राला पुढे नियतकालिकांनी आश्रय दिला. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघालेल्या किर्लोस्कर खबरचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रे काढीत. कोल्हापूर येथे जन्मलेले वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांनी व्यंगचित्रे काढलीच, शिवाय या कलेचे मराठीत विवेचनही केले. सत्तेला चित्रातून प्रश्न विचारण्याची जी रीत या परंपरेत दिसते, तिच्या हिंदुस्थानातील आरंभीच्या टप्प्यावर हिंदी पंचचे स्थान महत्त्वाचे आहे.