जहाजावरच्या खरकट्या ट्रेचे काय करावे?

समुद्रपर्यटन मुंबईकराला आता अपरिचित राहिलेले नाही. २००५ साली ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईच्या धक्क्यावरून फेऱ्या करू लागली, २०१६ मध्ये ‘कोस्टा निओक्लासिका’ आली, २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली आणि वर्षभरातच थांबलीही. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’च्या जहाजाने मुंबई-गोवा आणि लक्षद्वीपच्या सहली सुरू केल्या. शिवाय सिंगापूर, भूमध्य समुद्र किंवा कॅरिबियनच्या सहलींना जाणारी मराठी कुटुंबे निराळीच. निघण्यापूर्वी ही मंडळी व्हिसा, विमा, बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या यांची कसून चौकशी करतात. केबिनमध्ये मागवलेला नाश्ता संपल्यावर खरकट्या भांड्यांचा ट्रे कोठे ठेवायचा, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो पडतो जहाजावर गेल्यावर, हातात ट्रे आणि समोर बंद दार असताना. मग बहुतेक जण हॉटेलातल्या सवयीने दार उघडतात, ट्रे बाहेर सरकवतात आणि दार लावून घेतात.

हॉटेलात ते चालून जाते. जहाजावर चालेलच असे नाही.

जहाजावरचा कॉरिडॉर हा हॉटेलच्या कॉरिडॉरपेक्षा अरुंद आणि कितीतरी लांब असतो. दोन्ही बाजूंना केबिनची दारे, खिडकी कोठेही नाही. सफाईची ढकलगाडी उभी असली की शेजारून एक माणूस जेमतेम अंग चोरून जातो. चाकाच्या खुर्चीवरून फिरणारे, काठी घेऊन चालणारे आणि दृष्टिहीन प्रवासी यांच्यासाठी जमिनीवरचा ट्रे हा सरळसरळ अडथळा होय. त्यात जहाज डोलते. रात्री भिंतीला टेकवून ठेवलेला ट्रे पहाटे वाटेच्या मध्यावर आलेला असतो. मुंबई-गोवा मार्गावरील एका सहलीत प्रस्तुत प्रतिनिधीचा पाय पहाटे अशाच एका ट्रेवर पडला. चहाची किटली आडवी झाली आणि गालिचावरचा डाग पुसायला धावत आला तो रात्रपाळी संपवून झोपायला निघालेला कर्मचारी. ट्रे कोणाचा होता हे कधीच कळले नाही. तसे ते कळतही नाही.

तथापि प्रश्न केवळ ठेच लागण्याचा नाही. आणीबाणीच्या वेळी हाच कॉरिडॉर सुटकेचा मार्ग असतो. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. ‘सोलास’ या नावाने ओळखला जाणारा त्याचा विद्यमान मसुदा १९७४ चा असून त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. सुटकेचे मार्ग मोकळे असलेच पाहिजेत, हे त्यातील एक मूलभूत कलम. त्यामागे माणसांचे जीव गेले आहेत. ७ एप्रिल १९९० च्या पहाटे ओस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या ‘स्कॅन्डिनेव्हियन स्टार’ या जहाजाला आग लागली आणि १५९ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुसंख्य धुराचे आणि विषारी वायूंचे बळी होते. धुराने भरलेल्या बोळांत अनेकांना बाहेरची वाट सापडलीच नाही.

धूर वर चढतो, छताजवळचे दिवे त्यात दिसेनासे होतात आणि माणसाला वाकून किंवा रांगत पुढे सरकावे लागते. म्हणूनच या दुर्घटनेनंतरच्या दुरुस्त्यांनी प्रवासी जहाजांवर वाट दाखवणारे दिवे अथवा चमकत्या पट्ट्या जमिनीलगत, ३० सेंटीमीटरच्या आत लावणे बंधनकारक केले. पुढच्या वेळी केबिनबाहेर पडताना भिंतीच्या तळाकडे पाहावे. ती पट्टी दिसेल. आणि मग लक्षात येईल की झाकण घातलेली बशी, ज्यूसचा जग, उभी बाटली असा भरगच्च ट्रे आपण नेमका तिच्याच समोर ठेवत असतो. रांगणाऱ्या माणसाच्या हाताला प्रथम लागणार तीही हीच काच.

कॉरिडॉरमध्ये ठरावीक अंतरावर अग्निरोधक दारे असतात. एरवी ती चुंबकाने भिंतीला चिकटून उघडी राहतात, त्यामुळे प्रवाशांना ती दारे आहेत हेही जाणवत नाही. धोक्याची सूचना मिळताच ती सुटून आपोआप मिटतात. त्यांच्या चौकटीत ठेवलेली कोणतीही वस्तू दार पूर्ण मिटू देत नाही. ट्रे आपल्या दाराशी नको म्हणून चार पावले पलीकडे, लिफ्टजवळ किंवा जिन्याच्या तोंडाशी नेऊन ठेवणारे सभ्य गृहस्थ असतात. हेतू चांगला, जागा मात्र सर्वांत वाईट.

मग करावे काय? पहिले उत्तर असे की, त्या विशिष्ट जहाजाची पद्धत विचारावी. काही कंपन्या ट्रे केबिनमध्येच ठेवायला सांगतात, काही ठिकाणी तो दाराबाहेर ठेवलेला चालतो, तर काही ठिकाणी फोन केल्यास माणूस येऊन घेऊन जातो. केबिनमधील माहितीपुस्तिकेत किंवा जहाजाच्या मोबाइल अॅपमध्ये बहुधा याची नोंद असते. नसेल तर पहिल्याच दिवशी केबिन स्टुअर्ड ओळख करून द्यायला येतो, तेव्हा एका वाक्यात विचारून घ्यावे. त्याला हा प्रश्न विचारल्याचा आनंदच होतो.

काहीच ठाऊक नसेल तर ट्रे केबिनमध्ये टेबलावर ठेवणे, हा कोठेही न चुकणारा मार्ग. अनेक जहाजांवर स्टुअर्ड सकाळी सफाईला आणि संध्याकाळी बिछाना लावायला असा दोनदा येतो. त्या फेरीत तो ट्रे जातो. रात्री उशिरा मागवलेल्या खाण्याचा वास नकोसा वाटत असेल तर झाकणे परत घालून वर नॅपकिन पसरावा आणि रूम सर्व्हिसला फोन करावा. ‘एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा’ हा आपला संकोच येथे गैरलागू आहे. कारण कॉरिडॉरमधला ट्रे उचलण्यासाठीही कोणाला तरी यावेच लागते. फोन केल्यास निदान कोठे यायचे ते त्याला कळते.

बाहेर ठेवण्याची पद्धत असल्यास ट्रे आपल्याच दाराच्या बाजूला, भिंतीला पूर्ण चिकटवून ठेवावा. समोरच्याच्या दाराशी नव्हे. उंच ग्लास आडवे करावेत, चमचे-सुऱ्या बशीत गोळा कराव्यात, उरलेले पेय न्हाणीघरातील बेसिनमध्ये ओतून टाकावे. समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी मात्र परवानगी असली तरी बाहेर ठेवू नये. फुटलेली काच ट्रेमध्ये लपवणे हा तर अक्षम्य अपराध समजावा. ती वेगळी ठेवून स्टुअर्डला तोंडी सांगावे. त्याबद्दल कोणी रागावत नाही, पण घाईत ट्रे उचलणाऱ्याचा हात कापला गेल्यास त्याचा पुढचा आठवडा कठीण जातो.

बाल्कनीत ट्रे ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. वास नको, अडथळा नको. पण तेथे वारा असतो. कागदी नॅपकिन, साखरेच्या पुड्या, प्लास्टिकची झाकणे क्षणात पाण्यावर. शिवाय आगीचा धोका आहेच. २३ मार्च २००६ रोजी कॅरिबियन समुद्रात ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाच्या बाल्कनीत आग भडकली; विझवून न टाकलेली सिगारेट हे तिचे संभाव्य कारण ठरले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला. बाल्कनीवरील ज्वलनशील वस्तूंबाबतचे नियम त्यानंतर अधिक कडक करण्यात आले.

आता त्या प्लास्टिकच्या झाकणाविषयी थोडे सविस्तर, कारण ट्रेवरील सर्वांत महत्त्वाची वस्तू तीच आहे. सागरी प्रदूषणविषयक ‘मार्पोल’ कराराचे पाचवे परिशिष्ट १९८८ अखेर अमलात आले. त्यानुसार प्लास्टिक समुद्रात टाकण्यास सर्वत्र, संपूर्ण बंदी आहे. अन्नाच्या बाबतीत सवलत आहे: २५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे होतील असे दळलेले अन्न किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे आणि न दळलेले १२ मैलांपलीकडे सोडता येते. भूमध्य, बाल्टिक किंवा कॅरिबियनसारख्या विशेष क्षेत्रांत दळलेल्या अन्नालाही १२ मैलांची अट आहे. परंतु त्या अन्नात प्लास्टिक मिसळले की तो सारा माल प्लास्टिक गणला जातो. जॅमची एक डबी, दुधाची कुपी, सॉसची पुडी नजरेतून सुटून दळणयंत्रात गेली तरी पुरे.

हे पुस्तकी भय नाही. ‘कार्निव्हल’ ही या व्यवसायातील सर्वांत मोठी कंपनी. तिच्या ‘प्रिन्सेस’ या उपकंपनीला २०१६ साली तेलकट सांडपाण्याच्या प्रकरणात ४ कोटी डॉलर दंड झाला आणि कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली आली. २०१९ मध्ये देखरेखीच्या अटी मोडल्याची कबुली देऊन तिला आणखी २ कोटी डॉलर भरावे लागले. त्या कबुलीत एक मुद्दा होता तो बहामाच्या समुद्रात अन्नाबरोबर प्लास्टिक सोडल्याचा. ट्रेवरील उष्टे वेगळे करणारा कर्मचारी खोल डेकवर, यंत्रांच्या आवाजात उभा राहून हाताने हे निवडत असतो. प्रवाशाने डब्या, पुड्या, स्ट्रॉ एका रिकाम्या कपात गोळा करून ठेवल्या तर त्याचे निम्मे काम होते. केबिनमध्ये नेलेल्या घरच्या फराळाच्या पिशव्या आणि लोणच्याची पाकिटे हाही त्यातलाच प्रकार. ती ट्रेवर न ठेवता कचऱ्याच्या डब्यात टाकावीत. जाता जाता, पांढऱ्या कापडी नॅपकिनने हळदीचे हात पुसू नयेत. तो डाग जहाजाच्या धुलाईघरातूनही सहजासहजी निघत नाही.

आरोग्याचा मुद्दा थोडक्यात. जहाजांवर पोटाच्या विकारांच्या साथीला बहुधा नोरोव्हायरस कारणीभूत असतो. अत्यल्प विषाणूही संसर्गाला पुरतात आणि अल्कोहोलच्या द्रावणाने तो नीटसा मरत नाही, त्यामुळे साबणपाण्याला पर्याय नाही. अमेरिकेत १९७५ पासून जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी करणारी सरकारी योजना आहे. तीत १०० पैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. उलटी-जुलाब होत असलेल्या प्रवाशाला केबिनमध्येच थांबण्यास सांगितले जाते व जेवण तेथेच पोहोचवले जाते. अशा वेळी त्याचा ट्रे कोणत्याही परिस्थितीत बाहेर ठेवू नये. फोन करून आजाराची कल्पना द्यावी. तो वेगळ्या पद्धतीने हाताळला जातो. आणि दुसऱ्याच्या दाराशी पडलेल्या ट्रेमधील ‘न उष्टावलेले’ फळ किंवा पाव उचलणारे महाभागही असतात, त्यांनाही हीच सूचना. ट्रे स्वतः उचलून वरच्या बुफेत नेण्याची हौसही आवरावी. खरकटे अन्नाच्या मांडणीजवळून नेणे स्वयंपाकघराच्या शिस्तीत बसत नाही.

ट्रे उचलणारा माणूस कोण असतो, हे आपल्याकडे तरी सांगावे लागू नये. गोव्यातील ‘तारवटी’ एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर आचारी आणि स्टुअर्ड म्हणून जात आले. मुंबईत धोबीतलाव परिसरातील त्यांचे ‘कूड’, म्हणजे गावागावांचे क्लब, ही दोन बोटींच्या मधल्या दिवसांतली त्यांची घरे. आजही जगातील बड्या प्रवासी जहाजांवर गोवा आणि मुंबईची मुले मोठ्या संख्येने आहेत. २०१२ साली ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या किनाऱ्याजवळ कलंडली आणि ३२ जण दगावले. त्यांतील शेवटचा मृतदेह सापडला तो नोव्हेंबर २०१४ मध्ये, एका भारतीय वेटरचा.

२००६ च्या सागरी कामगार करारानुसार या कर्मचाऱ्यांना २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळाली पाहिजे. याचा दुसरा अर्थ दिवसाला १४ तासांपर्यंत काम घेता येते, आणि सुट्टीचा वार असा नसतो. शिवाय ट्रे आणणारा आणि केबिन आवरणारा ही सहसा दोन वेगळ्या खात्यांची माणसे. ट्रे पहिल्या खात्याचा, कॉरिडॉर दुसऱ्याचा. मधल्या मध्ये पडून राहिलेल्या ट्रेचा जाब बहुधा स्टुअर्डला द्यावा लागतो. अमेरिकी जहाजांवर दरडोई दररोज साधारण १६ ते २० डॉलर सेवाशुल्क बिलात आपोआप लागते, पण ट्रे आणणाऱ्याच्या हातावर वेगळे दोन-तीन डॉलर ठेवण्याची पद्धत आहे. रूम सर्व्हिसचे शुल्क निराळे आकारले जात असले तरी ते त्याच्याच खिशात जाते असे समजू नये.

शेवटच्या रात्रीचा नियम वेगळा. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा खुणेच्या चिठ्ठ्या लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. मध्यरात्रीच्या सुमारास त्या गोळा होतात. तोवर कॉरिडॉर दोन्ही बाजूंनी बॅगांनी भरलेला असतो. त्या रात्री ट्रे बाहेर ठेवण्याची एरवी मुभा असली तरी तो आतच, टेबलावर ठेवावा. उतरण्याच्या सकाळी अनेक जहाजांवर रूम सर्व्हिस बंद किंवा मर्यादित असते, तेव्हा त्या दिवसाचा चहा वरच्या डेकवर जाऊन घ्यावा लागेल, हे आदल्या रात्रीच विचारून ठेवलेले बरे.