रोहिणीचे पाणी आणि मस्कतचे दार

सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेल्या वादाशी जोडले आहे. दोन्ही पक्षांनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून तंटा मिटवावा, असे सिद्धार्थाने शाक्य संघात सुचविले. संघाने बहुमताने युद्धाचा मार्ग पत्करला. बलाढ्य शेजाऱ्याशी कसे वागावे, हा प्रश्न आजही प्रत्येक राष्ट्रापुढे आहे. आपण राहतो त्या ओमानने त्याला दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे.

ओमानच्या एका बाजूस सौदी अरेबिया, दुसऱ्या बाजूस येमेन आणि समुद्रापलीकडे इराण. १९७० साली सुलतान काबूस सत्तेवर आले तेव्हा धोफारमध्ये बंड पेटले होते आणि बंडखोरांना दक्षिण येमेनचे पाठबळ होते. ब्रिटन आणि इराण यांची लष्करी मदत ओमानने घेतली. परंतु शरण आलेल्यांना माफीही दिली. एकेकाळी त्या बंडाच्या बाजूने असलेले युसुफ बिन अलावी पुढे २०२० पर्यंत देशाचे परराष्ट्र व्यवहार सांभाळत होते. दक्षिण येमेनशी १९८२ मध्ये समेट झाला आणि एकीकृत येमेनशी १९९२ मध्ये सीमाकरार.

१९७९ मध्ये इजिप्तने इस्रायलशी तह केल्यावर बहुतेक अरब राष्ट्रांनी त्याच्याशी संबंध तोडले. ओमानने तोडले नाहीत. इराण-इराक युद्धात त्याने दोघांशीही बोलणे चालू ठेवले. २०१५ मध्ये येमेनवर चालून गेलेल्या आघाडीत तो सामील झाला नाही. अमेरिका व इराण यांच्या ज्या गुप्त बोलण्यांतून २०१५ च्या अणुकराराची वाट मोकळी झाली, ती येथेच झाली. सिद्धार्थाला अभिप्रेत असलेल्या ‘पाचव्या’ माणसाचे काम मस्कतने केले.

मात्र हा भाबडेपणा नव्हे. १९८० मध्येच ओमानने आपल्या तळांच्या वापरासाठी अमेरिकेशी करार केला होता. मैत्रीचा हात पुढे करताना त्याने संरक्षणाकडे दुर्लक्ष केले नाही.

परराष्ट्र धोरणाची किंमत कोण मोजतो, हे बाबासाहेबांनी १९५१ मध्येच दाखवून दिले. मंत्रिमंडळातून बाहेर पडताना दिलेल्या निवेदनात त्यांनी हिंदू कोड बिलाबरोबर परराष्ट्र धोरणाचाही उल्लेख केला. साडेतीनशे कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, ही त्यांची तक्रार होती. शेजाऱ्यांशी बिघडले की शाळा, दवाखाना आणि भुकेल्याचे ताट यांवरचा पैसा सीमेकडे वळतो.

येथे एक फरक नोंदवावाच लागेल. ओमानमध्ये हे धोरण सुलतान ठरवतात. प्रजेला त्यांना जाब विचारता येत नाही. बाबासाहेबांना सभागृहात निवेदन वाचू दिले गेले नाही, तरी त्यांनी ते वृत्तपत्रांतून जनतेपुढे ठेवले. शहाणे धोरण राजाच्या हयातीपुरते न उरता टिकायचे असेल, तर असा प्रश्न विचारण्याची मुभा हवी.

हा प्रश्न आपल्याही घरचा आहे. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीयांना नोकरी आणि साठवलेली पुंजी मागे टाकून मायदेशी परतावे लागले. मस्कतमध्ये आपली मुले निर्धास्तपणे शाळेत जातात, त्यामागे शेजाऱ्यांसाठी उघडे ठेवलेले दार आहे, हे त्यांना सांगितले पाहिजे. आणि त्याच वेळी बाबासाहेबांचा तो हिशेबही.